डेव्ही जॉन्सन यांची दोन्ही खाती एकत्र मांडा : हॉल ऑफ फेमच्या निवड समितीला खुले पत्र

प्रति,
समकालीन कालखंड समितीचे सन्माननीय सदस्य
आणि मतपत्रिकेसाठी नावं निवडणारे ज्येष्ठ बेसबॉल पत्रकार,
नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम, कूपर्सटाउन, न्यूयॉर्क

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२६ मध्ये मॅनेजर, पंच आणि पदाधिकारी या गटातून हॉलच्या मानाच्या दालनात कुणाला घ्यायचं हे ठरवायला समिती बसेल. त्या वेळी आधी खेळाडू आणि पुढे मॅनेजर, म्हणजे संघ चालवणारे मुख्य प्रशिक्षक, असलेल्या डेव्ही जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर असावं आणि सोळापैकी किमान बारा मतं त्यांना मिळावीत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. ५ सप्टेंबर २०२५ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी जॉन्सन गेले. २०१६, २०१८ आणि २०२३ मध्ये त्यांचं नाव समितीसमोर आलं होतं आणि तिन्ही वेळा त्यांना पाच मतंसुद्धा मिळाली नाहीत.

मी न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस, न्यूयॉर्क मेट्सचा चाहता. या पत्राची इंग्रजी प्रत टपालाने कूपर्सटाउनला जाईलच. मराठीत अशासाठी लिहितो की न्यूयॉर्क, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन या तीन शहरांच्या आसपास आपल्या असंख्य मराठी कुटुंबांनी संसार थाटले आहेत, त्यांची मुलं इथल्या मैदानांवर बेसबॉल खेळतात, आणि जॉन्सन या तिन्ही शहरांचे होते. आपल्या शहराला कुणी काय देऊन गेलं, हे घरात क्रिकेट बोलणाऱ्यांनाही कळावं.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. जॉन्सन खेळाडू म्हणून मोजले की ते थोडे कमी पडतात. १३ हंगाम, १,२५२ हिट (बेस गाठून देणारे फटके), १३६ होम रन (थेट धाव देणारे, सहसा मैदानाबाहेर जाणारे फटके), .२६१ सरासरी (दर हजार प्रयत्नांत २६१ हिट). चांगला खेळाडू, पण हॉलमध्ये जाण्याइतका नाही, असं कुणीही म्हणेल. मॅनेजर म्हणून मोजले की विजेतेपद एकच, म्हणून पुन्हा हात आखडता. पण सेकंड बेसवर उभा राहणारा तो तरुण आणि डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बाकावर, बसणारा तो मॅनेजर हा एकच माणूस होता, त्याचं डोकं एकच होतं आणि ते चाळीस-पन्नास वर्षं एकाच प्रश्नावर चाललेलं होतं. दोन खाती वेगळी ठेवून हिशेब केलात तर दोन्हीकडे शिल्लक कमी दिसते. ती एकत्र मांडा.

सेकंड बेसमनचं काम क्रिकेटच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. पहिल्या बेसवर धावपटू आहे, चेंडू शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, गेला. शॉर्टस्टॉप तो सेकंड बेसवर फेकतो. सेकंड बेसमनने धावत येऊन बेसला पाय लावायचा, चेंडू झेलायचा, आणि समोरून पायांवर घसरत येणाऱ्या धावपटूला चुकवत, हवेतच अंग वळवून पहिल्या बेसकडे फेकायचा. धावपटू कुठून येतोय हे बघायला वेळच नसतो. एका चेंडूत दोन बाद. या जागेवर उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक चेंडूआधी मनात गणित मांडून ठेवावं लागतं : कोण धावतोय, किती वेगाने, बॅटर डावरा की उजवा, पिचर (चेंडू फेकणारा) काय टाकणार. बाल्टिमोर ओरिओल्समध्ये जॉन्सन यांनी हे काम १९६६ ते १९७२ अशी सात वर्षं केलं. तिसऱ्या बेसवर ब्रूक्स रॉबिन्सन, शॉर्टस्टॉपला मार्क बेलँजर, पहिल्या बेसवर बूग पॉवेल. १९७१ मध्ये त्या संघाच्या चार पिचरनी प्रत्येकी २० सामने जिंकले, त्याचं कौतुक आजही होतं. त्या चौघांच्या पाठीशी उभं असलेलं हे कुंपण मात्र आकड्यांत दिसत नाही. १९६९, १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ तीन वर्षं जॉन्सन यांना उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाला. १९६६ आणि १९७० या दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिका, त्यांनी खेळाडू म्हणून जिंकल्या. नामवंत पिचर सँडी कूफॅक्स यांच्या कारकिर्दीत त्यांच्या चेंडूवर बसलेला शेवटचा हिट १९६६च्या वर्ल्ड सिरीजमध्ये याच मुलाने मारला.

आता त्यांच्या डोक्याविषयी. जॉन्सन यांनी टेक्सासच्या ट्रिनिटी विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली होती, आणि खेळत असतानाच त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संगणकाचे वर्ग केले. ओरिओल्सचे मालक जेरी हॉफबर्गर यांची बाल्टिमोरमध्ये बिअरची कंपनी होती आणि तिथे एक मोठा संगणक होता. त्या काळचा खोलीभर पसरणारा. जॉन्सन त्या संगणकावर संघाचा बॅटिंग क्रम वेगवेगळ्या प्रकारे लावून बघायचे, कोणत्या क्रमाने हंगामात जास्त धावा होतील याचं गणित मांडायचे. छापलेले कागद घेऊन ते मॅनेजर अर्ल वीव्हर यांच्याकडे गेले. वीव्हर यांनी त्या कागदांना अक्षरशः केराची टोपली दाखवली. आपण वरच्या क्रमांकावर खेळलो तर संघाच्या धावा वाढतील, असं त्या कागदांत होतं. त्यामुळे ड्रेसिंग रूममध्ये त्यांची थट्टाही झाली. हे साल १९७०च्या आसपासचं. आज ज्या आकडेवारीच्या पद्धतीने प्रत्येक संघ चालतो, ज्यासाठी गणितज्ञांची अख्खी खाती पगारावर ठेवली जातात, ते काम एक सेकंड बेसमन सामन्यांच्या मधल्या वेळात बिअरच्या कंपनीत बसून करत होता.

वीव्हर १९९६ मध्ये तुमच्या हॉलमध्ये गेले आणि ते योग्यच झालं. पण ज्या विचारासाठी आज वीव्हर यांना काळाच्या पुढचे म्हणतात, त्याच विचाराचा माणूस त्यांच्याच संघात हातात कागद घेऊन उभा होता, हे तुमच्या दालनात कुठेतरी नोंदलेलं असायला हवं.

१९७२ साली जॉन्सन यांचा खांदा दुखावलेला होता, फक्त ५ होम रन झाले आणि बाल्टिमोरने त्यांना अटलांटाला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ४३ होम रन मारले. त्यातले ४२ सेकंड बेसमन म्हणून खेळताना. रॉजर्स हॉर्न्सबी यांच्या विक्रमाची ती बरोबरी होती आणि २०२१ मध्ये मार्कस सेमियन यांनी मोडेपर्यंत ती टिकली. त्या वर्षी जॉन्सन ४३, डॅरेल एव्हान्स ४१ आणि हँक एरन ४० : एकाच संघात चाळिशी गाठणारे तिघे, असं मोठ्या लीगमध्ये पूर्वी कधीच घडलं नव्हतं.

मग जपान. १९७५ मध्ये ते टोकियोच्या योमिउरी जायंट्सकडे गेले. शिगेओ नागाशिमा नुकतेच निवृत्त होऊन मॅनेजर झाले होते आणि त्यांची तिसऱ्या बेसची जागा या परक्या माणसाला भरायची होती. त्या जागेकडे अख्ख्या देशाचं लक्ष होतं. पहिलं वर्ष फार वाईट गेलं, सरासरी .२००च्याही खाली, आणि जायंट्स इतिहासात पहिल्यांदाच तळाला गेले. जॉन्सन पळून आले नाहीत. दुसऱ्या वर्षी २६ होम रन मारले आणि जायंट्सनी सेंट्रल लीग जिंकली. सदाहारू ओ यांच्या शेजारी ते खेळले आणि त्याआधी हँक एरन यांच्या शेजारी. दोन देशांच्या दोन होम रन सम्राटांचा शेजार एकाच माणसाच्या वाट्याला आला. मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. परक्या भाषेत, अपयशाच्या वर्षात, बाकावर बसून राहणं काय असतं हे ज्याने भोगलं आहे, तो पुढे मॅनेजर झाल्यावर बाकावरच्या पंचविसाव्या खेळाडूशी वेगळा वागतो. जॉन्सन तसे वागले.

परत येऊन फिलाडेल्फिया, शिकागो. १९७८ मध्ये बदली बॅटर म्हणून एकाच हंगामात दोन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेले होम रन). मग खेळणं संपलं आणि १९७९ मध्ये मायामी अमिगोस नावाच्या संघाचे ते मॅनेजर झाले. ती लीगच हंगामाच्या मध्यात बुडाली. तिथून मेट्सच्या छोट्या संघांत, आधी जॅक्सन, मग टाइडवॉटर. दोन्हीकडे विजेतेपद. १९८४ मध्ये मेट्सची सूत्रं.

मेट्सविषयी मी अंमळ लांब लिहिणार आहे, कारण तुमच्या मतदारांचं मन तिथेच अडतं असं मला वाटतं.

मेट्स तेव्हा वर्षानुवर्षं तळाशी होते. जॉन्सन आले तेच स्वतःचा संगणक घेऊन, कोणता बॅटर कोणत्या पिचरसमोर कसा खेळतो याची नोंद ठेवत. १९ वर्षांच्या ड्वाइट गुडन यांना थेट मोठ्या संघात घ्या, असा हट्ट त्यांनी व्यवस्थापनाकडे धरला आणि तडीस नेला. पहिल्या वर्षी ९० विजय, मग ९८, १०८, ९२, १००. नॅशनल लीगमध्ये (मोठ्या बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) पहिली पाचही वर्षं नव्वदी गाठणारा मॅनेजर त्यांच्याआधी झाला नव्हता. मेट्सच्या इतिहासात सर्वाधिक विजय आजही त्यांच्याच नावावर आहेत, ५९५.

यातला एक सामना जवळून बघा. २२ जुलै १९८६, सिनसिनाटी. दहाव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवर रे नाइट आणि एरिक डेव्हिस यांची जुंपली आणि दोन्ही संघ मैदानात उतरले. पंचांनी खेळाडू बाहेर काढले, मेट्सचा एक आधीच गेलेला होता, आणि जॉन्सन यांच्याकडे पुरेशी माणसंच उरली नाहीत. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, हे लक्षात घ्या. विकेटकीपरसारखं काम करणारे गॅरी कार्टर तिसऱ्या बेसवर गेले. जेसी ओरोस्को डावरे पिचर, रॉजर मॅकडॉवेल उजवे. डावरा बॅटर आला की ओरोस्को पिचिंग करणार आणि मॅकडॉवेल दूर आउटफिल्डमध्ये उभे राहणार. उजवा आला की दोघांनी अदलाबदल करायची. दोघेही मैदानातच, म्हणून कुणीही बाद ठरत नाही. असं करत सामना चौदाव्या इनिंगपर्यंत ओढला, हॉवर्ड जॉन्सन यांनी होम रन मारला आणि मेट्स ६-३ ने जिंकले. नियमपुस्तक कोळून प्यायलेला आणि चेंडूआधी गणित मांडण्याची सवय असलेला इनफिल्डरच (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) हे करू शकतो. त्या रात्री डगआउटमध्ये जुना सेकंड बेसमनच बसलेला होता.

ऑक्टोबर १९८६. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, दहावी इनिंग, मेट्स दोन धावांनी मागे, दोन बाद, बेसवर कुणी नाही. कार्टर, मिचेल, नाइट असे लागोपाठ तीन सिंगल (एका बेसपुरते हिट), एक भरकटलेला चेंडू, आणि मग मुकी विल्सन यांचा तो चेंडू समोरच्या बॉस्टन संघाच्या बिल बकनर यांच्या पायांमधून गेला आणि मेट्स जिंकले. हे सगळ्यांना पाठ आहे. मला त्याहून मोठी वाटते ती १९६९ची गोष्ट. मेट्सनी पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा समोर बाल्टिमोर होतं आणि शेवटचा बाद झालेला बॅटर होते डेव्ही जॉन्सन. जेरी कूझमन यांच्या चेंडूवरचा उंच फटका क्लिऑन जोन्स यांनी डाव्या बाजूला झेलला. सतरा वर्षांनी त्याच शे स्टेडियममध्ये मेट्सची दुसरी वर्ल्ड सिरीज जॉन्सन यांनी जिंकून दिली. मेट्सनी आजवर एवढ्या दोनच जिंकल्या आहेत आणि दोन्हींत हा माणूस आहे. १९६९च्या संघाचे मॅनेजर गिल हॉजेस तुमच्याकडे २०२२ मध्ये पोचले. तेही इनफिल्डर, तेही पुढे मॅनेजर. त्यांचं एकेक खातं सुटं धरल्यामुळेच त्यांना इतकं थांबावं लागलं असं माझं मत आहे. दालनात पाटी लागली तेव्हा त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली होती.

आता आक्षेप. १९८६चा संघ बेशिस्त होता, दारू होती, अमली पदार्थ होते, आणि मॅनेजरने कानाडोळा केला. यात तथ्य आहे. गुडन यांना १९८७ मध्ये उपचार केंद्रात जावं लागलं आणि त्याच संघातल्या डॅरिल स्ट्रॉबेरी यांच्या वाट्याला व्यसनापायी पुढे काय आलं हे सर्वज्ञात आहे. खेळाडू ही मोठी माणसं आहेत, त्यांच्या खासगी आयुष्यात मी नाक खुपसणार नाही, ही जॉन्सन यांची भूमिका होती. विशीच्या आतल्या मुलासाठी ती भूमिका अपुरी होती, असं मीही मानतो. पण त्या व्यसनांचा पूर्ण भार एकट्या मॅनेजरवर टाकणं अन्यायाचं आहे. त्या दशकात कोकेनने अनेक संघ पोखरले होते आणि अख्खी लीग त्यापुढे हतबल होती.

दुसरा आक्षेप : कुठेच टिकले नाहीत, सगळीकडून नारळ मिळाला. जरा क्रम बघा. १९९० मध्ये मेट्सनी २० विजय-२२ पराभवांवर त्यांना काढलं. मेट्स पुन्हा बाद फेरीत पोचले ते १९९९ मध्ये. सिनसिनाटीत १९९५चा हंगाम सुरू होण्याआधीच मालकीणबाईंनी जाहीर केलं होतं की पुढच्या वर्षी हे नसतील. तरी त्यांनी गटात पहिलं येऊन दाखवलं. सिनसिनाटी त्यानंतर २०१० मध्ये बाद फेरीत दिसलं. बाल्टिमोरमध्ये १९९७ साली संघ पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पहिल्या स्थानावर राहिला, ९८ विजय मिळाले, आणि ज्या दिवशी त्यांना वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर म्हणून निवडलं त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. एका खेळाडूचा दंड आपल्या पत्नीशी संबंधित धर्मादाय संस्थेकडे वळवण्याचा वाद होता आणि त्यात त्यांचं चुकलं होतं. पण त्यानंतर ओरिओल्स सलग चौदा वर्षं पराभवाच्या बाजूला राहिले.

चौदा पूर्ण हंगाम त्यांनी संघ चालवला. त्यातला एकच, १९९९चा लॉस एंजेलिसचा, पहिल्या दोन स्थानांच्या खाली संपला. ९०, ९८ आणि ९२ विजय मिळवूनही १९८४, १९८५ आणि १९८७ मध्ये मेट्स घरी बसले, कारण तेव्हा गटात फक्त पहिल्यालाच पुढे जाता यायचं. १९९४ मध्ये सिनसिनाटी गटात आघाडीवर असताना खेळाडूंच्या संपाने हंगामच गुंडाळला गेला. विजेतेपदं मोजताना हे बाजूला ठेवता येणार नाही.

आणि वॉशिंग्टन. २०१२, वय ६९. मधल्या काळात नेदरलँड्सच्या संघाला शिकवून झालं होतं, २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला कांस्यपदक मिळवून झालं होतं, आजारपणं आणि एका तरुण मुलीचा मृत्यू पचवून झाला होता. त्या वर्षी नॅशनल्सनी ९८ सामने जिंकले आणि राजधानीत १९३३ नंतर पहिल्यांदा बाद फेरीचं बेसबॉल आलं. जॉन्सन यांना पुन्हा सर्वोत्तम मॅनेजरचा मान मिळाला, या वेळी दुसऱ्या लीगमध्ये. कार्डिनल्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात ६-० अशी आघाडी घेऊन ते ९-७ ने हरले. ती हार त्यांच्या खात्यात जरूर धरा.

पण मग बाकीच्यांच्या रकमाही शेजारी ठेवा. जॉन्सन १,३७२ विजय, १,०७१ पराभव. म्हणजे ३०१ जास्त. व्हायटी हर्झॉग तुमच्याकडे आहेत : १,२८१ आणि १,१२५, विजेतेपद एक. जिम लेलँड २०२३ मध्ये, ज्या बैठकीत जॉन्सन यांना पाच मतं मिळाली नाहीत त्याच बैठकीत, सोळापैकी पंधरा मतांनी आले : १,७६९ आणि १,७२८, विजेतेपद एक. आल लोपेझ यांच्याकडे मॅनेजर म्हणून विजेतेपद नव्हतंच. या तिघांचा मला आदर आहे आणि त्यांच्या पाटीवरचं एक अक्षरही मी कमी करू मागत नाही. फक्त या मोजमापात जॉन्सन कुठे कमी पडतात, ते कुणीतरी मला समजावून सांगावं. त्यात भर म्हणून खेळाडू म्हणून दोन वर्ल्ड सिरीज, तीन गोल्ड ग्लव्ह आणि ४२ होम रनचा विक्रम या तिघांपैकी कुणाकडेही नाही.

घाई आहे ती तुमच्याच नव्या नियमामुळे. २०२५ मध्ये हॉलने ठरवलं की पाचपेक्षा कमी मतं मिळालेल्या उमेदवाराला पुढच्या फेरीत उभं राहता येणार नाही, आणि पुन्हा तसंच झालं तर दार कायमचं बंद. २०२३चा निकाल या नियमात मोजला जात नाही. २०२६चा मोजला जाईल. म्हणजे या वेळी तीन-चार मतांवर अडलं तर डेव्ही जॉन्सन यांचं नाव २०२९ मध्ये निघणारच नाही आणि त्यांना मैदानावर पाहिलेली पिढी तोवर आणखी विरळ झालेली असेल.

नावं निवडणाऱ्या पत्रकार मंडळींना माझी विनंती आहे की आठ जणांच्या यादीत जॉन्सन यांना जागा द्या. सोळा सदस्यांना विनंती आहे की बैठकीत प्रत्येक उमेदवाराची माहिती समोर येते तेव्हा जॉन्सन यांच्या मॅनेजरपदाच्या तपशिलासोबत त्यांच्या खेळाचाही तपशील मागून घ्या. १९६५ पासून २०१३ पर्यंत, बाल्टिमोरच्या त्या संगणकाच्या कागदांसकट, टोकियोच्या दोन वर्षांसकट. तो एका बैठकीत वाचा आणि मग मत द्या.

आपला विश्वासू,
न्यू जर्सीतला एक मराठी मेट्सप्रेमी